जुनी मशिनं आणि अल्ट्रा लो सल्फर डिझेल: बदलताना काय काय करायचं, एकेक पायरी

डिपस्टिक बाहेर काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही चांगलं दोन बोटं वर. आठवड्यापूर्वी मीच बघितलं होतं तेव्हा खुणेच्या थोडं खाली होतं, आणि मधल्या काळात ऑइल कुणी टाकलं नव्हतं, घरात सगळ्यांना विचारून झालं. चिंधीने पुसून परत घातली, परत काढली, तेच. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास सरळसरळ डिझेलचा. फ्युएल पंपाच्या शाफ्टचं सील गेलं होतं आणि डिझेल आतल्या आत इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं, बाहेर मात्र एक थेंब नाही.

त्याच्या तीन-चार टाक्या आधीच आम्ही अल्ट्रा लो सल्फर, म्हणजे गंधक अगदी कमी असलेल्या डिझेलवर आलो होतो, त्यामुळे "नव्या डिझेलने पंप खाल्ला" असं जो तो म्हणायला लागला, मीही तेच म्हणत होतो. पण पंप खोलल्यावर जे सील हातात आलं ते नखाने दाबलं तर दबेना, वाकवलं तर कडेला तडे, म्हणजे रबर राहिलंच नव्हतं, प्लास्टिक झालं होतं. ते सील कितीतरी वर्षं जुनं होतं, जुन्या डिझेलमध्ये फुगून राहिल्यामुळे कसंबसं धरून होतं, डिझेल बदललं आणि त्याने हात टेकले. मी हे सील बदलण्याचं काम डिझेल बदलायच्या आधी केलं असतं तर एक सील आणि अर्धा दिवस एवढ्यात निभावलं असतं. म्हणून हा सगळा क्रम लिहून काढतोय, ज्यांच्याकडे जुना ट्रॅक्टर, पंपाचं इंजिन, जनरेटर, हार्वेस्टर असं काही आहे त्यांच्यासाठी.

आधी बदललंय काय ते समजून घ्या

डिझेलमध्ये गंधक असतं ते कच्च्या तेलातूनच येतं. मोजतात पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागात किती भाग. जुन्या काळी शेतीच्या आणि बाकी बिगर-रस्ता मशिनांच्या डिझेलमध्ये हे काही हजार पीपीएम असायचं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं डिझेल १९९३ मध्ये ५०० पीपीएमवर आणलं, २००६ मध्ये १५ वर, आणि शेतीच्या मशिनांचं २००७ मध्ये ५०० वर आणि २०१० पासून १५ वर. युरोपात १० पीपीएम झालं, भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाचा नियम) डिझेल आलं तेही १० पीपीएमच, आणि त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. म्हणजे कुठून कुठे आलो बघा, हजारांवरून दहा-पंधरावर.

हे केलं कशासाठी, तर नव्या इंजिनच्या सायलेन्सरला जे कॅटॅलिस्ट (धुरातले घातक वायू बदलून टाकणारा भाग) आणि काजळी धरणारे फिल्टर असतात त्यांना गंधक चालत नाही, त्याने कॅटॅलिस्ट निकामी होतं. शिवाय गंधक जळलं की त्याचे ऑक्साइड होतात, पाण्याशी मिळून आम्ल होतं, आणि ते इंजिनच्या आत लायनर-रिंगांना पण खातं आणि ऑइलला पण. म्हणजे गंधक कमी झालं हे जुन्या इंजिनसाठीसुद्धा चांगलंच आहे, हे आधी मनात पक्कं करा कारण बऱ्याच लोकांच्या डोक्यात उलटंच बसलंय.

उलटं का बसलंय तेही सांगतो. लोक म्हणतात गंधक पंपाला वंगण द्यायचं, ते काढलं म्हणून पंप कोरडा पडतो. यातलं अर्धंच खरं आहे. गंधक स्वतः वंगण नव्हतं. रिफायनरीत गंधक काढायला डिझेल जास्त तापमानाला आणि दाबाखाली हायड्रोजनबरोबर कॅटॅलिस्टवरून नेतात, गंधक हायड्रोजनला धरून वायू होऊन निघून जातं, पण त्याच्याबरोबर डिझेलमधले नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेले काही घटक पण जातात आणि धातूवर पातळ थर धरून ठेवायचं काम खरं ते घटक करायचे. हा वंगणपणा मग अ‍ॅडिटिव्ह टाकून परत आणतात, रिफायनरीत किंवा डेपोत, तुमच्या टाकीत यायच्या आधीच. त्याची चाचणी असते, बारीक पोलादी गोळी पोलादी चकतीवर ६० अंशाच्या डिझेलमध्ये ७५ मिनिटं घासतात आणि गोळीवर पडलेला घासल्याचा डाग मोजतात. युरोप आणि भारताच्या मापात हा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही, अमेरिकेत ५२०. म्हणजे नीट ठिकाणाहून घेतलेलं डिझेल वंगणाच्या बाबतीत तपासलेलं असतं, पंप कोरडा पडायची भीती त्या डिझेलला नाही. भीती आहे ती त्यात रॉकेल मिसळलं तर, ते पुढे येईलच.

दुसरा बदल मात्र खरोखर जुन्या मशिनला लागतो. हायड्रोजनच्या प्रक्रियेत डिझेलमधले अ‍ॅरोमॅटिक म्हणजे ते उग्र वासाचे घटक पण कमी होतात. जुन्या पंपातल्या ओ-रिंगा आणि सील बहुतेक नायट्राइल रबरच्या, त्या वर्षानुवर्षं हे अ‍ॅरोमॅटिक पिऊन फुगलेल्या असतात. नवीन डिझेल आलं की ते आतलं हळूहळू बाहेर पडतं आणि रबर आकसतं. रबर ताजं असेल तर ते दबाव धरून ठेवतं, काही होत नाही. म्हातारं आणि ताठर झालेलं असेल तर आकसलेल्या जागेतून डिझेल वाट काढतं. म्हणून एकाच डिझेलवर शेजारी-शेजारी उभी दोन मशिनं, एकाला काही नाही आणि दुसऱ्याचा पंप पाझरतोय असं दिसतं. फरक डिझेलचा नाही, रबरच्या वयाचा आहे.

पायरी १: कुठल्या मशिनला काय पंप आहे ते लिहून काढा

एक वही घ्या, प्रत्येक मशिनचं एक पान. इंजिन किती तास चाललंय, पंप शेवटचा कधी खोलला होता, सील कधी बदलली, आणि पंप कुठल्या प्रकारचा. हा प्रकार महत्त्वाचा आहे. लाइन पंप असेल, म्हणजे सगळे प्लंजर एका ओळीत उभे आणि प्रत्येकातून एक पाइप निघतोय, तर त्याच्या खालच्या कॅमशाफ्टला इंजिन ऑइलचं वंगण मिळतं, डिझेलवर फक्त प्लंजर अवलंबून. रोटरी पंप असेल, म्हणजे गोल डोकं आणि त्याच्या भोवतीने पाइप निघतायत, तर त्याचं आतलं सगळं वंगण डिझेलच. त्यामुळे डिझेलच्या चांगल्या-वाईटाचा, पाण्याचा, भेसळीचा पहिला मार रोटरीला बसतो, तिथे जास्त लक्ष द्या. आणि नवीन कॉमन रेल इंजिन असेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातंय, तर त्याला हे डिझेल बनवलेलंच आहे, तिथे प्रश्न उलटा असतो, जुनं डिझेल चुकून जाऊ नये हा.

पायरी २: बदलायच्या आधीची अवस्था टिपून ठेवा

हे काम कुणी करत नाही आणि नंतर भांडण इथूनच सुरू होतं. पंप, फिल्टरचं डोकं, नोझलचे पाइप, रिटर्न लाइन सगळं धुऊन कोरडं करा, मोबाइलवर फोटो काढा. इंजिन ऑइलची पातळी थंड इंजिनवर, सपाट जागी बघून वहीत लिहा. सकाळी थंडपणी किती वेळात स्टार्ट होतंय ते लिहा. आधीपासूनच कुठे ओलं असेल तर तेही लिहा. असं केलं की पुढे काही झालं तर ते आधीचं की नंतरचं हे कळतं, आणि मेकॅनिकला पण अंदाजाने बोलावं लागत नाही.

पायरी ३: रबर, सगळ्यात महत्त्वाचं

पंप दहा-बारा वर्षांत खोललेलाच नसेल तर हंगाम नसताना, मशीन रिकामं असताना, त्याची सील किट बदलून घ्या. पाझरत नसेल तरी बदला असं मी म्हणेन, कारण ऐन पेरणीत किंवा काढणीत पंप उतरवायला लागला तर नुकसान सीलपेक्षा कितीतरी मोठं असतं. किट घेताना फ्लोरोकार्बन रबरची, म्हणजे दुकानात व्हायटॉन म्हणतात ती मिळत असेल तर तीच घ्या. रंगावरून ओळखायला जाऊ नका, तपकिरी किंवा हिरवी असली म्हणजे व्हायटॉनच असं नसतं, पाकिटावर लिहिलेलं बघा. ती नाही मिळाली तर नवीन नायट्राइल पण चालते, ताजी आहे हे महत्त्वाचं.

पंपाशिवाय रबर अजून कुठे कुठे असतं ते विसरतात. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) डायफ्राम, फिल्टर बाउलची रिंग, टाकीच्या कॉकचं पॅकिंग, रिटर्नचे बारीक रबरी पाइप, टाकीपासून फीड पंपापर्यंतचा होस. होस हाताने वाकवून बघा, बाहेरून बारीक भेगा दिसल्या किंवा वाकवताना कडकड जाणवलं तर बदला, क्लिपा पण नव्या टाका.

आता तीन जागांच्या पाझराची तीन वेगळी लक्षणं असतात, ती ओळखायला शिका.

पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला गळती असेल तर ती बाहेर दिसते, ओलं होतं, धूळ चिकटते, ही सोपी.

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या बाजूला गळती असेल तर तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. रात्री बरोबर बंद केलेलं मशीन सकाळी स्टार्ट व्हायला वेळ घेतं, चालू झाल्यावर मध्येच मिस करतं, लोडवर दम टाकतं. लोक नोझलच्या मागे लागतात. त्या ऐवजी थोडा पारदर्शक पाइपचा तुकडा त्या लाइनमध्ये तात्पुरता बसवा आणि इंजिन चालू असताना बघा, बुडबुडे जाताना दिसले की हवा कुठूनतरी येतेय हे नक्की, मग टाकीकडून एकेक जोड तपासत या.

तिसरी सगळ्यात वाईट, जी आमच्याकडे झाली. पंप गिअरवर बसवलेला असतो त्याच्या शाफ्टचं सील किंवा इंजिनवर बसवलेल्या फीड पंपाचा डायफ्राम फाटला तर डिझेल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. बाहेर काही दिसत नाही. ऑइल वाढतं, पातळ होतं, बेअरिंगला धरत नाही, आणि तसंच लोडवर चालवलं तर क्रँक जाऊ शकते. म्हणून डिझेल बदलल्यावर पहिले काही आठवडे रोज सकाळी डिपस्टिक बघा आणि ऑइल कमी झालं का यापेक्षा वाढलं का हे बघा. वाढलं असेल तर एक थेंब जाड पांढऱ्या कागदावर टाका, मध्ये काळा डाग आणि त्याच्याभोवती पातळ तेलकट गोल लांबपर्यंत पसरला तर डिझेल मिसळल्याचा संशय घ्या. मशीन तिथेच थांबवा. सील किंवा डायफ्राम बदलल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका, "अजून चाललं असतं" म्हणून तेच ऑइल ठेवू नका.

पायरी ४: टाकी आणि बॅरल साफ करा

टाकीच्या तळाला वर्षानुवर्षांचं पाणी, गंज आणि डिंकासारखी घाण बसलेली असते. नव्या डिझेलमध्ये बायोडिझेल थोडं मिसळलेलं असलं तर ते ही घाण सोडवून वर आणतं आणि मग फिल्टर लागोपाठ चोक होतात. दोष पुन्हा डिझेललाच दिला जातो.

करायचं असं. मशीन रात्रभर हलवू नका म्हणजे पाणी आणि गाळ खाली बसेल. सकाळी इंजिन चालू न करता ड्रेन उघडा आणि पहिलं लिटरभर स्वच्छ काचेच्या बरणीत धरा. बरणी उन्हाकडे धरून बघा. डिझेल आरपार स्वच्छ चकचकीत दिसायला पाहिजे. धूसर दिसलं म्हणजे पाणी मिसळलंय. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणीच. आणि पाणी व डिझेल यांच्या मधोमध काळपट, बुळबुळीत पडदा तरंगत असेल तर ते जंतू वाढलेत, ते पाण्यात राहतात आणि डिझेल खातात, आणि त्यांचं आम्ल टाकीच्या पत्र्याला भोकं पाडतं. असा पडदा दिसला तर नुसतं पाणी काढून भागत नाही, टाकी पूर्ण रिकामी करून आतून धुऊन कोरडी करायला लागते, मगच जंतुनाशक औषधाचा विचार, आणि ते औषध हातमोजे घालून, डब्यावरच्या मापानेच.

बॅरलचं पण हेच, उलट बॅरलकडे जास्त बघा कारण सगळ्या मशिनांत डिझेल तिथूनच जातं. गॅल्व्हनाइज केलेलं म्हणजे जस्ताचा मुलामा असलेलं बॅरल, बादली, पाइप डिझेलला वापरू नका, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि नोझलला थर धरतं. तांब्या-पितळेचे नळ पण शक्यतो नको, तांब्याने डिझेल लवकर खराब होतं. बॅरल उभं उघड्यावर ठेवलं तर वरच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं, रात्री गारव्याने आतली हवा आकसली की तेच पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. म्हणून बॅरल छपराखाली, आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी, म्हणजे आतून डिझेलने झाकलेली राहतील आणि हवा ओढणार नाहीत. काढायचा पाइप तळापासून चार बोटं वर ठेवा, तळाचं वर्षातून एकदा वेगळं काढून टाका, मशिनमध्ये नाही.

पायरी ५: जुनं उरलेलं डिझेल संपवायचं कसं

जुन्या यांत्रिक पंपाच्या मशिनमध्ये जुनं-नवं मिसळलं तर काही बिघडत नाही, उरलेलं तिथे संपवा. नव्या मशिनच्या सायलेन्सरला काजळी धरणारा फिल्टर वगैरे असेल तर त्यात अजिबात नाही. थोडंसं राहिलं तर काय होतंय असं वाटतं ना, गणित करून बघा. २०० लिटरच्या बॅरलमध्ये तळाला १० लिटर ५०० पीपीएमचं जुनं डिझेल राहिलंय आणि वर १९० लिटर १० पीपीएमचं ओतलं. जुन्यातून ५००० आले, नव्यातून १९००, बेरीज ६९००, भागिले २००, म्हणजे साडेचौतीस पीपीएम. दहाचं डिझेल विकत घेतलं आणि मशीनला पस्तीसचं पाजलं. आणि जुनं ५००० पीपीएमचं असेल तर एक लिटर राहिलं तरी तेवढंच होतं. त्यामुळे नव्या मशिनचं बॅरल, पंप, कॅन सगळं वेगळं ठेवा आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात रंगवा.

रंगावरून मात्र गंधक ओळखू नका. अमेरिकेत शेतीच्या डिझेलला लाल रंग टाकतात तो कर न लागलेलं आहे हे कळायला, त्याचा आज गंधकाशी संबंध नाही. घेताना पावती बघा आणि पंपावरचा बोर्ड वाचा.

पायरी ६: फिल्टर आणि एअर काढणं

फिल्टर दोन सेट घ्या. एक डिझेल बदलतानाच टाका, दुसरा मशिनच्या टूलबॉक्समध्ये ठेवा कारण टाकी कितीही धुतली तरी पहिल्या ५० तासात काहीतरी सुटून येतंच, आणि दम कमी वाटला तर दुसरं काही उघडण्याआधी फिल्टर बदला.

जुन्या मशिनची एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा, काढायचा क्रम असा: टाकीचा कॉक उघडा, फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन आटे ढिला करा, फीड पंपाचा हँड प्रायमर मारत राहा, आधी फेस येईल मग बुडबुडे, मग सलग धार, धार आली की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. तरीही स्टार्ट नाही झालं तर दोन नोझलचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारा, डिझेल यायला लागलं की आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदाच्या वर मारू नका, मध्ये थंड होऊ द्या. कॉपर वॉशर परत वापरू नका, नवीन टाका, निम्मी गळती तिथेच असते.

कॉमन रेल मशिनवर मात्र नोझलचे नट ढिले करायचा प्रकार कधीही करायचा नाही. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो, सुईसारखी धार हाताच्या कातडीतून आत घुसते, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो, तातडीने ऑपरेशन लागतं. कुठल्याही मशिनवर गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून बघा. आणि कॉमन रेल मशिनच्या फिल्टरमध्ये बाहेरून डिझेल ओतून भरू नका, गाळलेल्या बाजूला एक कण गेला तरी नोझलला पुरतो, त्याच्या प्रायमरनेच भरा.

पायरी ७: पहिले शंभर तास

पहिली टाकी हलक्या कामावर चालवा, वाहतूक वगैरे, पहिल्याच दिवशी नांगराला जुंपू नका, आणि पहिल्या दिवशी मध्ये मध्ये थांबून सगळे जोड बघा. पहिले दोन आठवडे रोज सकाळी डिपस्टिक, बाउलमधलं पाणी, आणि पंपाखाली पांढरा कागद ठेवलेला असेल तर त्यावरचे डाग. गळती पहिल्याच दिवशी येईल असं नाही, रबर हळूहळू आकसतं, त्यामुळे दोन-तीन टाक्यांनंतर पण येते. शंभर तास काही झालं नाही तर त्या रबरचं निभावलं समजा आणि नेहमीच्या पद्धतीवर या.

डिझेल थोडं जास्त लागल्यासारखं वाटेल. या प्रक्रियेत लिटरमागे उष्णता साधारण एक टक्क्याच्या आसपास कमी होते, तेवढा फरक चालतो. पाच-दहा टक्के फरक दिसला तर ते डिझेलमुळे नाही, फिल्टर, एअर किंवा नोझल बघा.

डिझेलमध्ये काय टाकायचं आणि काय नाही

चांगल्या ठिकाणाचं डिझेल असेल तर वरून काही टाकायची गरज नाही हे माझं मत आहे. रोटरी पंप जुना आहे आणि मनाला शांती हवी असेल तर वंगणपणा वाढवणारं, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलेलं अ‍ॅडिटिव्ह टाका, डब्यावर लिहिलंय तेवढंच. बायोडिझेल दोन टक्के असलं तरी वंगणपणा चांगलाच सुधारतो, पण ते पाणी जास्त धरतं, म्हणून साठवून ठेवायच्या डिझेलमध्ये नको.

जळकं इंजिन ऑइल गाळून डिझेलमध्ये टाकायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती सोडा. त्यात राख होणारे पदार्थ, धातूचा चुरा आणि गंधक सगळं आहे, नोझल आणि फिल्टर दोन्ही जातात, आणि नव्या मशिनच्या सायलेन्सरमध्ये ती राख बसली की जाळून पण जात नाही. रॉकेल अजिबात नाही, ते पातळ आहे आणि वंगण जवळजवळ नाहीच, रोटरी पंपाला ते विषच. पेट्रोल तर आगीला बोलावणं.

आगीचं अजून एक. या डिझेलमधून वीज सहज वाहून जात नाही त्यामुळे पाइपमधून वेगाने जाताना त्यात स्थिर विद्युत साचते. त्यासाठी पण अ‍ॅडिटिव्ह असतं, तरी कॅन भरताना ट्रॉलीत किंवा प्लास्टिकच्या कागदावर ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवा, आणि ज्या कॅनमध्ये आधी पेट्रोल होतं त्यात तर डिझेल कधीच नाही, आतली पेट्रोलची वाफ आणि एक ठिणगी एवढं पुरतं.

इंजिन ऑइल

गंधक कमी म्हणजे आम्ल कमी म्हणजे ऑइल जास्त टिकतं हे खरं. पण म्हणून २५० तासांचं ऑइल ४०० तास चालवू नका, धूळ आणि काजळी काही कमी झालेली नाही. जुन्या इंजिनला मॅन्युअलमधलं ऑइलच ठेवा. काजळीचा फिल्टर असलेल्या नव्या इंजिनला सीजे-४ किंवा सीके-४ सारखं (हा दर्जा ऑइलच्या डब्यावर लिहिलेला असतो) कमी राखेचं ऑइल लागतं, तिथे जुन्या ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल ढकलू नका.

धूर साफ करायला युरियाची वेगळी टाकी असलेलं मशीन असेल तर त्यात ३२.५ टक्क्यांचं तयार द्रावणच टाका. शेतात घालायचा युरिया पाण्यात विरघळवून टाकायचा मोह होतो कारण गोणी हाताशी असते, पण त्यातल्या अशुद्ध पदार्थांनी आणि पाण्यातल्या क्षारांनी ते कॅटॅलिस्ट कायमचं जातं. आणि त्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत ते द्रावण असं चुकून झालं तर किल्ली पण फिरवू नका, आधी टाकी उतरवा.

हंगाम संपल्यावर

मशीन तीन-चार महिने उभं राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवा म्हणजे आत हवा राहत नाही आणि रात्रीच्या गारव्याने पाणी सुटत नाही. बाउलमधलं पाणी काढा. महिन्यातून एकदा वीस मिनिटं इंजिन चालवा, पूर्ण गरम होईपर्यंत, नुसतं चालू करून बंद नाही. बॅरलवर डिझेल आणल्याची तारीख खडूने लिहा, जुनं आधी वापरा, आणि सहा महिन्यांच्या वर झालं असेल तर वापरायच्या आधी परत तीच काचेची बरणी घ्या, उन्हात धरा आणि आरपार दिसतंय का ते बघा.